धूळ मोजायची कुठे?



मागचं व्याख्यान संपल्यावर एक बाई मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "सर, आमच्या समोरच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय. फाटकावर हवा मोजायचं यंत्र लावलंय. त्याच्यावरचा आकडा नेहमी मर्यादेत असतो. आणि माझं सकाळी पुसलेलं टेबल दुपारी असं होतं, की बोटाने नाव लिहावं. आता यंत्र खोटं बोलतंय की माझं टेबल?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. खरं सांगायचं तर मला वेळ हवा होता. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. धुळीचा आणि माझा संबंध पुस्तकं झटकण्यापुरता. पण वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर यंत्रात शोधण्याआधी इतिहासात शोधायला हवं. म्हणून आजचा विषय हा : माणसाने हवेतली धूळ मोजायला कशी सुरुवात केली, आणि ती कुठे उभं राहून मोजली.

सुरुवात आपल्याकडूनच करू. लहानपणी आपण सगळ्यांनी कवडसा पाहिलाय. दुपारी कौलातून किंवा खिडकीतून उन्हाची तिरीप आत येते आणि तिच्यात कण तरंगताना दिसतात. संस्कृतात या कणाला नाव आहे, त्रसरेणू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनमापांची यादी येते, आणि तिचं पहिलं एकक आहे हा त्रसरेणू. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक राई, असं करत करत ती यादी सोन्याच्या वजनापर्यंत जाते. न्याय-वैशेषिकांनी याच कणाचा वेगळा उपयोग केला. त्यांचा परमाणू दिसत नाही. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तेही दिसत नाही. तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक होतं, आणि तिथून पुढे वस्तू डोळ्यांना दिसायला लागते. हे त्र्यणुक म्हणजेच त्रसरेणू.

गंमत बघा. आपल्या परंपरेत धुळीचा कण हे माप होतं. धूळ किती आहे, हे कोणी मोजत नव्हतं. धुळीने बाकीचं मोजत होते. आणि दुसरी गोष्ट, त्रसरेणू ही दिसण्याची सीमा होती. त्याच्या खाली जे आहे त्याचं अनुमान करायचं. आजच्या विषयात हे अनुमान फार महत्त्वाचं ठरणार आहे, कारण फुप्फुसाच्या तळाशी जाणारी धूळ नेमकी त्या सीमेखालची असते. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. 'पीएम १०' म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, आणि 'पीएम २.५' म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान.

आता युरोपात जाऊ. धूळ माणसाला मारते हे तिथे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. अ‍ॅग्रिकोलाचा खाणकामावरचा मोठा ग्रंथ १५५६ सालचा. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींबद्दल तो लिहितो, की तिथे अशा बायका आहेत ज्यांनी सात-सात लग्नं केली, आणि सातही नवरे छातीच्या रोगाने गेले. मी याला धुळीची पहिली मोजणी म्हणतो. कण मोजता येत नव्हते, तेव्हा मेलेले नवरे मोजले. पुढे १७०० साली रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. रोग्याला बाकीचे प्रश्न विचारताना 'तुझा धंदा काय?' हेही विचारा, असा त्याचा आग्रह होता. पाथरवट आणि खाणकामगार त्याच्या पुस्तकात आहेत.

यंत्रं आली एकोणिसाव्या शतकात. जॉन टिंडल हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधले शास्त्रज्ञ. त्यांनी १८७० मध्ये धूळ आणि रोग या विषयावर जाहीर व्याख्यान दिलं. त्यांच्या प्रयोगांचं साधन म्हणजे प्रकाशाचा प्रखर झोत. आपला कवडसाच, फक्त प्रयोगशाळेतला. स्वच्छ वाटणाऱ्या हवेतही तो झोत कणांनी उजळून निघायचा. हे तत्त्व लक्षात ठेवा, कण प्रकाश विखुरतात. त्या बाईंच्या समोरच्या फाटकावर जे यंत्र आहे, तसली बहुतेक यंत्रं याच तत्त्वावर चालतात. आत एक छोटा लेसर असतो आणि विखुरलेला प्रकाश टिपणारा डोळा असतो. पुढे स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८८ च्या सुमारास हवेतल्या कणांवर वाफ गोठवून थेंब मोजायचं यंत्र केलं. ते घेऊन ते आल्प्समध्ये गेले, आयफेल टॉवरवरही गेले.

पण टिंडल आणि एटकेन यांची धूळ कुणाचीच नव्हती. ती निसर्गाची वस्तू होती. धुळीची मोजणी हा पैशाचा आणि कायद्याचा प्रश्न झाला तो दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत. तिथला दगड गारगोटीचा, म्हणजे स्फटिकी सिलिकाचा. त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते, तिथे व्रण होतात, फुप्फुस कडक होत जातं. हा सिलिकोसिस. यावर आजही बरं करणारं औषध नाही. तिथले सरकारी खाण अभियंता रॉबर्ट कोत्झे यांनी १९१६ मध्ये कोनिमीटर नावाचं यंत्र आणलं. हातात मावणारं, स्प्रिंगवर चालणारं. खटका दाबला की पाच घनसेंटिमीटर हवा एका चिकट काचेवर आदळते. मग काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून कण मोजायचे.

मोठी सोय झाली. पण ही मोजणी एका क्षणाची. खटका कधी दाबायचा? सुरुंग उडाल्यावर लगेच की तासाभराने? ड्रिल चालू असताना की जेवणाच्या सुट्टीत? यंत्र बिनचूक असलं तरी हे यंत्र ठरवत नाही. ते ज्याच्या हातात आहे तो ठरवतो. अमेरिकेत १९२२ मध्ये ग्रीनबर्ग आणि स्मिथ यांनी दुसरं यंत्र केलं, ते हवा काही मिनिटं पाण्यात ओढून धूळ पकडायचं. म्हणजे १९३० साल उजाडलं तेव्हा धूळ मोजायची साधनं होती, सिलिकाने काय होतं तेही माहीत होतं.

आणि नेमकं १९३० मध्ये पश्चिम व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा सुरू झाला. नदीचं पाणी वीज करायला वळवायचं म्हणून डोंगरातून जवळजवळ पाच किलोमीटरचा बोगदा. मंदीचा काळ. मजूर दक्षिणेकडून आलेले, बहुसंख्य कृष्णवर्णीय. डोंगर गारगोटीने भरलेला. ड्रिल करताना पाणी सोडलं तर धूळ बसते, पण काम हळू होतं. तेव्हा कोरडं ड्रिलिंग केलं गेलं. माणसं वर्ष-दीड वर्षात मरायला लागली. एरवी सिलिकोसिस व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. यावरून आत काय असेल याची कल्पना करा. प्रकरण न्यायालयात गेलं, १९३६ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे गेलं. मजूर सांगत होते, समोरचा माणूस दिसत नव्हता. दुसऱ्या बाजूचे साक्षीदार सांगत होते, हवा ठीक होती. पुढे मार्टिन चर्नियाक या डॉक्टरांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात मृत्यूंचा अंदाज बांधला, ७६४. परत नवरे मोजण्यावरच आलो की नाही आपण? मोजणीची यंत्रं असताना.

या प्रकरणातून मी एक धडा घेतो. ज्या ठिकाणी मोजायची सर्वांत जास्त गरज असते, तिथे मोजलं जात नाही याचं कारण अज्ञान असेलच असं नाही.

यानंतर शास्त्र पुढे गेलं. जोहान्सबर्गला १९५९ मध्ये फुप्फुसरोगांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे शिफारस झाली, की नुसते कण मोजू नका. फुप्फुसाच्या खोल भागात पोचणारी धूळ वेगळी काढा आणि तिचं वजन करा. आणि १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात शेरवूड आणि ग्रीनहाल्ग यांनी एक साधी, पण माझ्या मते मोठी गोष्ट केली. कामगाराच्या अंगावर वागवता येईल असा छोटा पंप, आणि गाळणी त्याच्या कोटाच्या कॉलरजवळ. म्हणजे यंत्र माणसाबरोबर फिरायला लागलं. तोपर्यंत यंत्र खोलीत एका जागी असायचं आणि माणूस आपल्या कामाशी वाकलेला असायचा. जिथे जिथे दोन्ही मोजण्या शेजारी-शेजारी झाल्या, तिथे बहुधा असं दिसलं, की कॉलरवरचा आकडा भिंतीवरच्या आकड्यापेक्षा जास्त. का? धूळ माणसाच्या हातातून निघते आणि त्याचं नाक हातापासून हातभर अंतरावर असतं. भिंत लांब असते.

ही झाली कामगाराच्या धुळीची कथा. आता दुसरी कथा, शहराच्या धुळीची. ती वेगळ्या खात्यात वाढली. अमेरिकेने १९७१ मध्ये हवेतल्या एकूण धुळीवर मर्यादा घातली. १९८७ मध्ये ती बदलून फक्त पीएम १० मोजायचं ठरलं, १९९७ मध्ये पीएम २.५ आलं. जसजसं कळत गेलं तसतशी नजर बारीक कणांकडे गेली. आपल्याकडे १९७८ मध्ये नागपूरच्या नीरीने दहा शहरांत हवेची मोजणी सुरू केली. पद्धत अशी : पंपाने दिवसभर हवा गाळणीकागदातून ओढायची, कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन करायचं, फरकाला हवेच्या घनमीटरने भागायचं. याहून प्रामाणिक मोजणी नाही. फक्त उत्तर दुसऱ्या दिवशी मिळतं.

मर्यादांचं काय? १९९४ च्या आपल्या मानकांत दिवसाच्या सरासरीत एकूण तरंगत्या धुळीची मर्यादा निवासी भागासाठी २०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती, आणि औद्योगिक भागासाठी ५००. आता मला सांगा, औद्योगिक भागात राहणाऱ्या माणसाची फुप्फुसं काय पत्र्याची असतात? २००९ मध्ये हा भेद काढला. आज पीएम १० साठी दिवसाची मर्यादा सगळीकडे १०० आणि पीएम २.५ साठी ६०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस आहे ४५ आणि १५.

इथे माझ्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. ग्रीसमध्ये युब्युलिडीस नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याचं कोडं असं : धान्याच्या राशीतून एक दाणा काढला तर रास रासच राहते. अजून एक काढला तरी राहते. मग रास रास नाहीशी होते कोणत्या दाण्याला? ९९ मायक्रोग्रॅमला हवा चांगली आणि १०१ ला वाईट, असं निसर्गात काही नसतं. मर्यादा सापडत नाही, ठरवली जाते. ठरवायला लागतेच, नाहीतर कायदा चालणार नाही. पण ठरवलेली गोष्ट आहे म्हटल्यावर, कुणी ठरवली, कुणाला डोळ्यांसमोर ठेवून, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

आता या दोन्ही कथा बांधकामाच्या जागेवर एकत्र येतात. फाटकाच्या आत कामगार, बाहेर आपण. मुंबईची हवा बिघडली म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ७० मीटरपेक्षा उंच इमारतींभोवती ३५ फूट पत्रे, इमारतीला हिरवं कापड किंवा ज्यूट, पाण्याचे फवारे, राडारोडा झाकून नेणं, आणि जागेवर प्रदूषण मोजणारी संवेदक यंत्रं. हे सगळं हवंच होतं. पण लक्षात घ्या, हा आकडा दुसऱ्या कथेतून आला, शहराच्या धुळीच्या. कामगाराच्या धुळीच्या कथेतून आला नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा झाला, त्यात आरोग्य आणि सुरक्षिततेचं प्रकरणही होतं. पण फाटकावर लाल-हिरव्या दिव्यांत झळकतो तो आकडा त्याचा नव्हे.

आता त्या बाईंचं उत्तर. यंत्र आणि टेबल, दोघंही खरं बोलत असू शकतात. टेबलावर बसणारी धूळ जाड असते. जाड असते म्हणूनच ती खाली बसते. पीएम १० च्या यंत्राने ती मोजायचीच नसते. त्यात लेसरची स्वस्त यंत्रं बारीक कण बरे टिपतात, पण बांधकामाची जी खास जाडसर धूळ, ती त्यांना नीट दिसत नाही. उलट हवेत दमटपणा वाढला की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र आकडा वाढवून सांगतं. म्हणजे गाळणीकागदाच्या यंत्राशी अधूनमधून ताडून पाहिलं नाही, तर त्या आकड्यावर फार विसंबू नये.

दुसरी गोष्ट सरासरीची. मानू या, आठ तास काम चाललं आणि हवेत २४० होतं; उरलेले सोळा तास ३०. करा हिशेब. दिवसाची सरासरी बरोबर १००. मर्यादेत! आता जो माणूस ते आठ तास तिथे होता, त्याच्यासाठी ३० कुठे होतं?

तिसरी गोष्ट वाऱ्याची. यंत्र एकच असेल आणि वारा फाटकाकडून आत जात असेल, तर ते रस्त्याची हवा मोजतं, बांधकामाची नाही. लॉस एंजेलिस परिसरात नियम ४०३ म्हणून ओळखला जाणारा धुळीचा नियम आहे. तो म्हणतो, दोन ठिकाणी एकाच वेळी मोजा. वारा जिथून येतो तिथे आणि जिथून बाहेर पडतो तिथे. दोघांमधला पीएम १० चा फरक ५० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. हा फरक म्हणजे तुमची धूळ. शेजाऱ्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

चौथी, धूळ कशाची? वजनाला जात नसते. आपला सह्याद्रीचा काळा दगड बेसाल्ट, त्यात मोकळी गारगोटी अगदी थोडी. पण वाळू, ग्रॅनाइट, काँक्रीट कापलं की सिलिका निघतं. काट्यावर मायक्रोग्रॅम सारखाच, फुप्फुसात नाही.

हे सगळं मी तुम्हाला शहाणपणाने सांगतोय, पण माझी स्वतःची एक गोष्ट सांगितल्याशिवाय थांबणं बरं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एक इमारत उभी राहत होती. फरशी कापायचं काम कुंपणाजवळ चालायचं, धूळ थेट आमच्या गॅलरीत. मी आमच्या सोसायटीतला निवृत्त प्राध्यापक, म्हणजे तक्रारअर्ज लिहायचं काम आपोआप माझ्याकडे. चांगला दोन पानी अर्ज लिहिला. उपयोग झाला. आठवड्यात कटरचा आवाज कमी झाला, गॅलरी स्वच्छ राहायला लागली, आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. पुढे एकदा मी सहज आत गेलो. वॉचमन ओळखीचा झाला होता. तर फरशी कापायचं काम खाली तळघरात नेलेलं. दिवा पेटलेला आणि त्याच्याभोवती पांढरं धुकं. मधे एक मुलगा, विशीतला असेल, तोंडाला रुमाल बांधून कटर चालवत होता. भुवया, पापण्या पांढऱ्या. मला बघून त्याने मशीन थांबवलं आणि म्हणाला, "बाबा, इथं नका थांबू, तुम्हाला त्रास होईल."

मी दोन पानं लिहिली होती, त्यात त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या दिवशी कुंपणावर यंत्र असतं तर त्याने आकडा सुधारलेलाच दाखवला असता. आणि तो सुधारला होता माझ्या अर्जामुळे.

मग करायचं काय? अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकाचा नवा नियम केला. आठ तासांची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम. पण बांधकामासाठी त्यांनी सोबत एक तक्ता दिला. कापायचं यंत्र असेल तर पात्यावर सतत पाणी हवं, अमुक यंत्राला धूळ ओढणारा पंप हवा, अमुक ठिकाणी मास्क हवा. हे सगळं नीट पाळलं तर त्या कामासाठी मोजणी करायचीही सक्ती नाही. मला हे फार आवडलं. मोजणी हा उपाय नव्हे. उपाय पाणी आहे. हॉक्स नेस्टलाही पाणीच हवं होतं. मोजायचं ते पाणी खरंच सोडलं जातंय ना, हे कळण्यासाठी.

म्हणून त्या बाईंना आणि तुम्हालाही माझी विनंती आहे. आपल्या समोरच्या बांधकामावर आकडा दिसला तर चार गोष्टी विचारा. यंत्र कुठे लावलंय आणि वारा कुठून येतोय? आकडा या घडीचा की दिवसाची सरासरी? तो शेवटचा कधी ताडून पाहिला? आणि आकडा वर गेला तर काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसेल, तर ते यंत्र शोभेचं आहे.

आणि एक पाचवा प्रश्न, जो मी विचारला नव्हता : आत कापायच्या मशीनवर पाणी आहे का? मी आता तो अर्जात पहिला लिहितो. परवाच एक अर्ज लिहिला, त्यात लिहिला.

प्रश्नोत्तरांना आपल्याकडे पंधरा मिनिटं आहेत. त्या बाई आल्या असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.